वर्तणुकीचा दाखला

जून-जुलै हा आमच्या महाविद्यालयात दाखल्यांचा हंगाम असतो. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा, उत्पन्नाच्या अर्जासोबत जोडायचा, आणि त्यांतच एक वर्तणुकीचा. त्याचा छापील नमुना ठरलेला आहे. रिकाम्या जागी नाव, वर्ग आणि वर्ष भरायचे. खाली आधीच छापलेले असते, की सदर विद्यार्थ्याची वर्तणूक 'माझ्या माहितीप्रमाणे' चांगली आहे. विभागप्रमुख म्हणून अशा किती कागदांवर मी सह्या केल्या असतील याचा हिशेब माझ्याकडे नाही. वर्तणुकीची माहिती किती होती, याचा तर नाहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीकडचा एक विद्यार्थी असाच कागद घेऊन आला. मराठी घेऊन बी. ए. झालेला, मागच्या बाकावर बसणारा, अबोल मुलगा. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर त्याला काम मिळत होते. टेबलावर पत्ते वाटायचे.

"मॅडम, चारित्र्याचा दाखला मागितलाय. पोलिसांचा काढलाय, एक कॉलेजचा पाहिजे."

"घरी माहीत आहे का रे?"

"आईला हॉटेलात लागलो म्हणून सांगितलंय."

मी सही केली. तो पायऱ्या उतरून गेला तरी हातातले पेन तसेच राहिले. महिन्याच्या पगारावर पत्ते वाटणाऱ्या मुलाला आपल्या चारित्र्याचे दोन-दोन पुरावे आणावे लागतात. मग ज्याच्या टेबलावर तो ते वाटणार, त्या मालकाने आपला दाखला कोणाकडून आणला असेल? शिक्षकखोलीत मी हा प्रश्न गमतीने विचारला. सगळे हसले, कोणीतरी "बँकेकडून" असे उत्तरही दिले. परंतु प्रश्न माझ्यापुरता गमतीचा राहिला नाही. त्या निमित्ताने, निरनिराळी सरकारे कॅसिनोचा परवाना मागणाऱ्याला कसे पारखतात, याविषयी मी मिळेल ते वाचत गेले. विषय माझा नव्हे. पण वाचता वाचता जाणवले की माणसाचे चारित्र्य कसे वाचावे हाच या कायद्यांपुढचा प्रश्न आहे, आणि तो साहित्याच्या शिक्षकाला अगदीच परका म्हणता येणार नाही.

सुरुवात अर्थातच अमेरिकेतील नेवाडा राज्यापासून करावी लागते. तेथे १९३१ मध्ये जुगार कायदेशीर झाला. पुढची वीस-पंचवीस वर्षे परवान्यांचा कारभार बराच ढिला होता, आणि लास वेगासमध्ये संघटित गुन्हेगारांचा पैसा मुरला. तेव्हा केंद्र सरकारच हा धंदा बंद पाडील या भीतीने राज्याने १९५५ मध्ये नियंत्रण मंडळ आणि १९५९ मध्ये त्याच्यावर एक आयोग नेमला. तीन सदस्यांचे मंडळ चौकशी करून शिफारस करते. पाच सदस्यांचा आयोग निर्णय देतो. मंडळाने एकमताने नकार सुचवला असेल, तर आयोगालाही तो एकमतानेच फिरवता येतो. आणि दोन्ही ठिकाणी सुनावणी जाहीर असते.

या कायद्यात अर्जदाराची पात्रता ज्या शब्दांत सांगितली आहे, ते शब्द पाहण्यासारखे आहेत. तो चांगल्या चारित्र्याचा, प्रामाणिक आणि सचोटीचा असावा. त्याचा पूर्वेतिहास, असल्यास गुन्ह्यांची नोंद, लौकिक, सवयी आणि संगत यांपासून लोकहिताला धोका नसावा. धंद्याचा अनुभव आणि क्षमता असावी. गुंतवायचा पैसा पुरेसा असावा, आणि तो योग्य ठिकाणाहून आलेला असावा. सवयी आणि संगत! आपल्याकडे मुलगी दाखवायच्या वेळी दोन्ही बाजूंचे वडीलधारे कुजबुजत ज्याची चौकशी करतात, ते एका आधुनिक राज्याने कायद्याच्या कलमात लिहून ठेवले आहे.

शिवाय सिद्ध करण्याचा सगळा भार अर्जदारावर. फौजदारी खटल्यात आरोपीला निर्दोष समजून सुरुवात होते. येथे अर्जदाराने आपण पात्र आहोत हे स्वतः दाखवून द्यायचे असते. कारण कायद्याच्या दृष्टीने परवाना हा हक्क नव्हे. ती केव्हाही काढून घेता येईल अशी सवलत आहे. फ्रँक रोझेन्थाल या कॅसिनोचालकाला १९७६ मध्ये परवाना नाकारला गेला तेव्हा तो न्यायालयात गेला. १९७७ मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल देताना हेच तत्त्व उचलून धरले. मार्टिन स्कोर्सेसीचा १९९५ मधील 'कॅसिनो' हा चित्रपट याच माणसावर बेतलेला आहे, हे जाणकारांना ठाऊक असेल.

मला सर्वांत गुंतवून ठेवले ते अर्जाच्या नमुन्याने. अनेक राज्यांत चालणारा वैयक्तिक माहितीचा एक सामाईक नमुना आहे. तो पन्नासहून अधिक पानांचा भरतो. आजवर कोठे कोठे राहिलात, कोणकोणत्या नोकऱ्या केल्यात आणि का सोडल्यात, लग्ने, घटस्फोट, आईवडील, भावंडे आणि मुले काय करतात, कधी अटक झाली का, झाली असल्यास पुढे सुटका झाली असली तरीही सांगा, कोणी तुमच्यावर दावा लावला का, तुम्ही कोणावर लावला का, बँकेतली खाती, कर्जे, करविवरणे, आणि आज रोजी तुमची एकूण मालमत्ता आणि देणी. यातील ओळ न् ओळ तपासायला मंडळाची माणसे जातात, गरज पडली तर परदेशीही जातात. आणि त्या चौकशीचा खर्च अर्जदाराकडूनच वसूल केला जातो.

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार मी पदव्युत्तर वर्गाला शिकवते. आत्मचरित्रकाराने काय सांगितले याइतकेच त्याने काय गाळले तेही पाहावे, असे मुलांना सांगते. लेखकाला ही गाळण्याची मुभा असते. किंबहुना ती त्याच्या कलेचा भाग असते. येथे ती मुभाच काढून घेतलेली आहे. जुन्या अपराधाने अर्ज बुडेलच असे नाही, पण अपराध लपवला तर बहुधा बुडतो. म्हणजे अर्जदार काय होता याइतकेच तो आज स्वतःविषयी खरे बोलतो का, हेही तपासले जाते. ही गोष्ट मला पटली, आणि थोडी अस्वस्थही करून गेली. त्याचे कारण पुढे येईल.

संगतीच्या कसोटीचे सर्वांत गाजलेले उदाहरण गायक फ्रँक सिनात्रा यांचे आहे. टाहो सरोवराकाठच्या कॅल-नेवा या हॉटेल-कॅसिनोत त्यांची मालकी होती. नेवाडाच्या मंडळाने १९६० मध्ये एक काळी यादी केली होती. तीत ११ नावे होती, आणि त्या माणसांना कॅसिनोत पाऊल ठेवू द्यायचे नाही असा दंडक होता. शिकागोचा टोळीप्रमुख सॅम जियांकाना त्या यादीत होता. १९६३ मध्ये तो कॅल-नेवात येऊन राहिल्याचे उघडकीला आले. सिनात्रांनी मंडळाच्या अध्यक्षांशी दूरध्वनीवर अर्वाच्य भाषेत वाद घातला. प्रकरण चिघळले, आणि सुनावणीला सामोरे जाण्याऐवजी त्यांनी परवाना परत केला. पुढे १८ वर्षांनी, १९८१ मध्ये, त्यांच्या नव्या अर्जाची सुनावणी झाली. या वेळी ओळख देणाऱ्यांत नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांचे नाव होते. ग्रेगरी पेक आणि कर्क डग्लस यांच्यासारखे नट त्यांच्या बाजूने बोलायला आले होते. जुन्या ओळखींविषयी सिनात्रांना भर सुनावणीत प्रश्न विचारले गेले, त्यांनी उत्तरे दिली, आणि परवाना मिळाला.

मोठ्या माणसांची शिफारस कामी आली, असे म्हणून हे सोडून देता येईल. ते खोटेही नाही. परंतु मला त्यात दुसरेच काही दिसले, आणि तेथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक चांगला विद्यार्थी होता. वाचन होते, अक्षर सुरेख होते, हिशेबातही चोख होता. वडील लवकर गेल्यामुळे तो आणि त्याची आई मामाच्या घरी राहत. मामा बाजारात मटक्याचे आकडे घेई. गावात ते सर्वांना माहीत होते. पदवीनंतर मुलाने एका पतसंस्थेत लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला आणि ओळखीच्या रकान्यात माझे नाव दिले. तेथल्या व्यवस्थापकांचा मला फोन आला. मी म्हणाले, "मुलगा हुशार आहे. घरचं वातावरण जरा... तुम्हीच काय ते बघा." एवढेच. खोटे काहीच बोलले नव्हते, आणि एखाद्याची संधी घालवायला तेवढे पुरेसे होते. जागा दुसऱ्याला मिळाली. मी काय बोलले ते त्याने मला कधी विचारले नाही; बहुधा त्याला कळलेच नसावे. पुढेही तो मला वाकून नमस्कार करीत असे.

मीही संगतच पाहिली होती. फरक असा, की सिनात्रांवर काय आक्षेप आहे हे त्यांच्या तोंडावर सांगितले गेले होते. त्यांना उत्तर देण्याची संधी होती. १९६३ मध्ये त्यांनी ती नाकारली आणि १९८१ मध्ये घेतली. माझ्या विद्यार्थ्याची सुनावणी अर्ध्या मिनिटाच्या फोनवर झाली, ती त्याच्या अपरोक्ष, आणि आक्षेप होता त्याच्या मामावर. तो मामाकडे का राहतो, घरातल्या त्या धंद्याशी त्याचा काही संबंध आहे का, हे विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती. जुगाराचे अड्डे चालवू इच्छिणाऱ्या माणसाला एक राज्य जेवढा न्याय देते, तेवढा मी माझ्या विद्यार्थ्याला दिला नाही.

आपल्या 'पात्र' या शब्दाला किती अर्थ आहेत! नाटकातले पात्र, एखाद्या गोष्टीला पात्र असणे, आणि नदीचे पात्र. परवान्याच्या अर्जात माणूस पहिल्या अर्थाने उभा राहतो आणि दुसऱ्या अर्थाने तोलला जातो. तोलण्याची रीत मात्र सगळीकडे सारखी नाही.

सिंगापूरने तर चक्क गुणदान केले. अनेक दशकांचा विरोध बाजूला ठेवून तेथील सरकारने २००५ मध्ये दोन कॅसिनो होऊ द्यायचे ठरवले. मरीना बे येथील जागेची किंमत आधीच १२० कोटी सिंगापुरी डॉलर ठरवून टाकली, म्हणजे जास्त पैसे देईल त्याला जागा हा मार्गच बंद केला. मग प्रस्ताव मागवून शंभरपैकी गुण दिले: पर्यटनाला होणाऱ्या लाभासाठी ४०, वास्तुरचनेसाठी ३०, गुंतवणुकीसाठी २० आणि भागीदारांच्या ताकदीसाठी १०. जुगारघराच्या सौंदर्याला तीस गुण! मोशे साफदी या वास्तुकाराचा आराखडा असलेल्या लास वेगास सँड्स कंपनीच्या प्रस्तावाची मे २००६ मध्ये निवड झाली. तीन मनोऱ्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली ती नाव आता जगभर ओळखली जाते. अर्थात, निवड म्हणजे परवाना नव्हे. मालक, संचालक आणि पैसा यांची छाननी करण्यासाठी वेगळे प्राधिकरण होते, आणि परवाना तीन-तीन वर्षांचा. २०२४ च्या अखेरीस सेंटोसा बेटावरील दुसऱ्या कॅसिनोचे नूतनीकरण तीनऐवजी दोनच वर्षांसाठी केले गेले, कारण पर्यटनस्थळ म्हणून त्याची आधीच्या काळातील कामगिरी समाधानकारक नव्हती.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्यासारख्यांना ही रीत जवळची वाटेल. निकष आधी जाहीर, गुणांची विभागणी ठरलेली. तरीही शंभर गुणांच्या त्या तक्त्यात खेळायला येणाऱ्या माणसासाठी वेगळा रकाना नव्हता, हे नजरेतून सुटत नाही. त्याचा विचार सिंगापूरने निराळ्या मार्गाने केला: आपल्याच नागरिकांना दारात दिवसाला १०० डॉलर प्रवेशपट्टी लावली, आणि २०१९ मध्ये ती १५० केली.

आता त्या दाखल्याच्या मर्यादेकडे येते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोची पात्रता दर काही वर्षांनी तपासली जात असे. २०१८ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या नियामकाने अनेक सूचना केल्या, पण कंपनी परवाना धारण करण्यास योग्य आहे असेच म्हटले. २०१९ मध्ये वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीने प्रकरण बाहेर काढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्यासाठी निवृत्त न्यायाधीश पॅट्रिशिया बर्गिन यांच्या चौकशीने हीच कंपनी सिडनीचा कॅसिनो चालवण्यास अयोग्य ठरवली. कंपनीच्या खात्यांतून काळा पैसा पांढरा केला जात होता आणि वरिष्ठांनी तिकडे डोळेझाक केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रे फिंकेलस्टाइन यांच्या आयोगाने मेलबर्नविषयीही तोच निष्कर्ष काढला. जुगाराच्या व्यसनात सापडलेल्या ग्राहकांना कंपनीने कसे वाऱ्यावर सोडले, हेही त्या अहवालात आले.

तीन वर्षांत चांगल्याचे वाईट झाले असे नव्हे. तपासणाऱ्याने कागद पाहिले होते, घर पाहिले नव्हते. महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती यायची असली की आपण भिंती रंगवतो, धूळ खात पडलेल्या नोंदवह्या मागील तारखांनी भरून काढतो, आणि तीन दिवस सगळे वेळेवर येतात. त्यामुळे २०१८ चा निर्वाळा कसा दिला गेला असेल याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. पुढचा भाग अधिक बोलका आहे. अयोग्य ठरवूनही मेलबर्नचा परवाना लगेच रद्द झाला नाही, कारण हजारो नोकऱ्या आणि राज्याचे उत्पन्न त्यावर अवलंबून होते. एक विशेष व्यवस्थापक देखरेखीला बसवला, मालकी बदलली, आणि २०२४ मध्ये कंपनी पुन्हा योग्य ठरली. परवाना देताना सरकार मालकाला तोलते. पुढे त्याच्या कराची सवय झाली की सरकारचा हात तितका मोकळा राहत नाही.

ही अडचण जुनीच आहे. कौटिल्याने द्यूतासाठी एक अध्यक्ष सांगितला आहे. खेळ एकाच ठिकाणी व्हावा, अन्यत्र खेळणाऱ्याला १२ पण दंड व्हावा, फासे अध्यक्षाने पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ घ्यावेत. एकाच ठिकाणी का, तर गुप्तपणे उपजीविका करणारे लोक त्यामुळे हाती लागतात. राजाला तेथे नजरही ठेवायची आहे आणि वाटाही घ्यायचा आहे.

आपल्याकडची आजची स्थिती काय? गोवा, दमण आणि दीवचा जुगारविषयक कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये एक कलम घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट करून दिली, आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना. त्या कलमात जागा, खेळ, अटी आणि शुल्क यांचा उल्लेख आहे; अर्जदाराच्या चारित्र्याविषयी, सवयी आणि संगतीविषयी त्यात शब्द नाही. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि कराचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षे कायदा पुस्तकात पडून होता, आणि त्याखाली कोणाचीही पारख करण्याची वेळ आली नाही. पारख झाली ती मटक्याचे आकडे घेणाऱ्यांची आणि त्यांच्या भाच्यांची. ती पोलिसांनी केली, शेजाऱ्यांनी केली, आणि माझ्यासारख्यांनी फोनवर केली.

कॅसिनो असावेत की नसावेत, हा या लेखाचा विषय नाही. माझे मत विचाराल तर ते नसावेत असेच आहे. पण माणसाची पारख करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याने निदान काय करावे, हे मला या रुक्ष कायद्यांतून शिकता आले. काय पाहणार ते आधी सांगावे, आक्षेप समोर ठेवावा, उत्तर ऐकावे, आणि एकदा दिलेला निर्वाळा पुन्हा तपासावा. क्राउनच्या प्रकरणात ढिलाई शेवटच्या गोष्टीत झाली. माझ्याकडून यांतली एकही झाली नव्हती.

गेल्या चतुर्थीला तो बोटीवरचा मुलगा पेढे घेऊन घरी आला. आईला आता सगळे सांगून टाकले आहे म्हणाला. मी कामाविषयी विचारले, तेव्हा त्याने टेबल सोडून उठताना काय करावे लागते ते करून दाखवले. दोन्ही तळवे एकमेकांवर आपटायचे, मग उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे; हातात काही नाही हे दिसले पाहिजे.

"रोज?"

"दर वेळी, मॅडम. पाणी प्यायला उठलो तरी."

यंदाच्या हंगामात मी छापील नमुन्यावर सह्या करायचे थांबवले आहे. ज्याला ओळखते त्याच्याविषयी जे माहीत आहे तेवढे चार ओळींत लिहिते, आणि त्यालाच आधी वाचायला देते. ज्याला ओळखत नाही त्याला समोर बसवून विचारते. रांग लांबते, कार्यालयातले लिपिक कुरकुरतात.

पतसंस्थेत ज्याची निवड झाली नाही त्या विद्यार्थ्याची आणि माझी अलीकडे गाठ पडलेली नाही. तो वाचणारा मुलगा होता. हा लेख त्याच्या हाती पडला, तर व्यवस्थापकांना मी नेमके काय सांगितले होते ते त्याला कळेल. त्यावर त्याला काही म्हणायचे असल्यास मी ते ऐकेन.